मोटारीला सात-बारा हवा

भंडारा जिल्ह्यातील एखाद्या माध्यमिक शाळेच्या किंवा तहसील कचेरीच्या आवारात सकाळी अकराच्या सुमारास दृष्टी टाकली, तर दुचाकींच्या रांगेशेजारी चार-दोन छोट्या मोटारी उभ्या असलेल्या दिसतात. त्यांतील कित्येक आजच्या मालकांनी कोऱ्या घेतलेल्या नसतात. कोणी नागपूरहून आणलेली असते, कोणी बदलून गेलेल्या अधिकाऱ्याकडून घेतलेली असते, तर कोणी दूरच्या नातलगाने ‘घरचीच गाडी आहे’ असे सांगून गळ्यात घातलेली असते. शिक्षक, लिपिक, ग्रामसेवक अशा पगारदार माणसाच्या आयुष्यात घर आणि मुलांचे शिक्षण यांच्या खालोखाल मोठा खर्च म्हणजे ही मोटार होय. त्यासाठी भविष्य निर्वाह निधीतून उचल घेतली जाते, पतसंस्थेचे कर्ज काढले जाते, क्वचित गावाकडच्या धानाचा पैसाही त्यात पडतो. आश्चर्य असे की, भूखंड घेताना सात-बारा, फेरफार आणि चतुःसीमा यांची बारकाईने छाननी करणारा हाच माणूस जुन्या मोटारीचा सौदा मात्र एका रविवारच्या दुपारी, दलालाच्या चहावर, आटोपून मोकळा होतो. पुढील सहा महिने गाडी गॅरेजमध्ये आणि तिचा मालक एस.टी.च्या थांब्यावर, अशी स्थिती झाली की मग नशिबाला बोल लावला जातो. वस्तुतः येथे नशिबाचा संबंध थोडा आणि माहितीच्या अभावाचा संबंध फार आहे.

पन्नास वर्षांपूर्वी हा प्रश्न या स्वरूपात अस्तित्वातच नव्हता. परवान्यांच्या त्या काळात अँबॅसेडर, फियाट आणि स्टँडर्ड एवढीच निवड होती, नवी गाडी मिळण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, आणि त्यामुळे वापरलेल्या गाडीलाही नव्याच्या तोडीची किंवा त्याहून अधिक किंमत येई. ‘गाडी मिळेल काय?’ हा त्या वेळचा प्रश्न होता. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाच्या हाती दिली आणि ७९६ घनसेंटिमीटरच्या तीन सिलिंडरांच्या त्या इंजिनाने मध्यमवर्गाच्या कल्पनेतील मोटारच बदलून टाकली. १९९८ मध्ये सँट्रो आणि इंडिका, पाठोपाठ वॅगन-आर आणि अल्टो, २००५ मध्ये स्विफ्ट अशा छोट्या मोटारी येत गेल्या. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या मोटारींना करसवलत दिली, तेव्हापासून ‘छोटी मोटार’ ही जणू एक सरकारमान्य जात ठरली. जानेवारी २०१४ मध्ये मारुती ८०० चे उत्पादन थांबले. परंतु तिच्या आणि तिच्या भावंडांच्या हजारो गाड्या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या मालकाकडे फिरत राहिल्या. आता गाड्या मुबलक आहेत, ‘मिळेल काय?’ या प्रश्नाची जागा ‘टिकेल काय?’ या प्रश्नाने घेतली आहे, आणि त्याचे उत्तर विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते.

या एका वाक्यात जे अर्थशास्त्र दडलेले आहे त्याला पुढे नोबेल पारितोषिक मिळाले, हे फार थोड्या वाचकांना ठाऊक असेल. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक छोटेखानी निबंध प्रसिद्ध केला. त्याआधी तीन नामवंत नियतकालिकांनी तो परत पाठविला होता. त्यांपैकी काहींना विषय अगदीच क्षुल्लक वाटला होता. निबंधातील युक्तिवाद मात्र बाजारात वावरणाऱ्या कोणालाही पटावा असा आहे. समजा, चांगली गाडी तीन लाखांची आणि वाईट गाडी एक लाखाची. घेणाऱ्याला दोहोंतील भेद कळत नसल्यामुळे तो जोखीम धरून दोन लाखच देऊ करतो. तेवढ्यात आपली उत्तम राखलेली गाडी कोण विकणार? तिचा मालक ती घरीच ठेवतो किंवा भावाला देतो. बाजारात वाईट गाड्यांचे प्रमाण वाढते, ते ओळखून घेणारा आणखी कमी किंमत देऊ करतो, आणि उरलेल्या बऱ्या गाड्याही बाहेर पडतात. येथे विकणारे सगळेच लबाड असले पाहिजेत असे मुळीच नाही. एका बाजूला माहिती आणि दुसऱ्या बाजूला अंधार असला की बाजार आपोआपच नासत जातो.

अकरलॉफ १९६७-६८ मध्ये वर्षभर दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत होते, आणि त्यांच्या निबंधात भारतातील उदाहरणे आहेत. खेड्यातील सावकार आहे. आणि बाजारातून आणलेल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले, तांदळाच्याच रंगाचे आणि आकाराचे खडे निवडत बसणारी भारतीय गृहिणीही आहे. भंडाऱ्याच्या वाचकाला हे उदाहरण परके वाटण्याचे कारण नाही. ज्या जिल्ह्यात धान हेच जीवन आहे, तेथे तांदूळ पाखडणे आणि निवडणे ही कला घरोघर अवगत आहे. जुन्या मोटारीच्या बाबतीत नेमके हेच करावयाचे असते. फरक इतकाच की तांदळातला खडा दाताखाली आला तर घास टाकता येतो; मोटारीतला खडा दोन-अडीच लाख मोजून झाल्यावर, बहुधा महामार्गावर आणि बहुधा रात्री, दाताखाली येतो.

खरेदीदाराची पहिली चूक ही की तो कंपनीच्या नावावर विसंबतो. अमुक कंपनीची गाडी म्हणजे डोळे मिटून घ्यावी, तमुक कंपनीची फुकट दिली तरी नको, अशी मते शिक्षकांच्या खोलीत ठामपणे मांडली जातात. नव्या गाडीबाबत त्यांत काही तथ्य असेलही. परंतु आठ-दहा वर्षे रस्त्यावर राहिलेली प्रत्येक गाडी ही स्वतंत्र व्यक्ती झालेली असते. एकाच महिन्यात एकाच कारखान्यातून बाहेर पडलेल्या दोन गाड्यांपैकी एकीचे ऑइल वेळच्या वेळी बदलले गेले, दुसरीचे मालकाला आठवण होईल तेव्हा. एक महामार्गावर संथ चालली, दुसरी रेतीघाटाच्या धुळीत आणि कच्च्या पांदणीवर हेलकावे खात राहिली. दहा वर्षांनंतर या दोघींत कंपनीच्या नावाखेरीज काहीही समान उरत नाही. कंपनीच्या नावाचा विचार करावयाचाच तर तो वेगळ्या कारणासाठी करावा: सुटे भाग आणि त्या गाडीचे काम जाणणारा मिस्त्री जवळपास मिळतो काय? लाखांदूर किंवा मोहाडीच्या माणसाने अशी गाडी घेऊ नये की जिच्या एका सेन्सरसाठी प्रत्येक वेळी नागपूर गाठावे लागेल. गाडी टिकाऊ असणे आणि ती जेथे आहे तेथे दुरुस्त होणे यांत ग्रामीण भागात फारसे अंतर नसते.

दुसरी चूक किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवण्याची. ‘फक्त चाळीस हजार चालली आहे’ हे वाक्य जुन्या मोटारीच्या बाजारात इतक्या वेळा उच्चारले जाते की ते ऐकून कोणालाच काही वाटेनासे झाले आहे. पूर्वी मीटरची तार सोडून आकडा मागे घेतला जाई. इलेक्ट्रॉनिक तबकडी आल्यावर हे काम अवघड न होता उलट सोपे आणि खुणा न ठेवणारे झाले. आकडा खोटा बोलतो, परंतु गाडी खोटे बोलत नाही. चाळीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे क्लच-ब्रेकच्या पायट्यांवरील रबर गुळगुळीत झालेले नसते, स्टिअरिंगचे आवरण चकचकीत झालेले नसते, चालकाच्या आसनाची दारालगतची कड खचलेली नसते. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. चाळीस हजारांच्या आतच चारही टायर बदललेले आढळले, तर त्याचे कारण विचारण्याचा खरेदीदाराला अधिकार आहे. याच्या उलट, दहा वर्षांत खरोखरच वीस हजार चाललेली गाडी ही पर्वणी असते असेही नाही. उभ्या गाडीचे टायर कडक होतात, रबरी नळ्यांना भेगा जातात, बॅटरी मरते. आणि धानाच्या कोठीजवळ उभी राहणारी असेल तर बॉनेटखालच्या वायरी उंदीर शिल्लक ठेवत नाहीत.

मग गाडीचा खरा इतिहास कोठे सापडतो? तो तुकड्यातुकड्यांनी अनेक ठिकाणी विखुरलेला असतो आणि तो गोळा करण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात. पहिला तुकडा अधिकृत सेवा केंद्रात असतो. गाडी तेथे जात असेल तर प्रत्येक वेळेचा किलोमीटरचा आकडा आणि केलेले काम संगणकात नोंदलेले असते. ते मालकाने बरोबर येऊन मागितल्यास मिळू शकते. मालक त्यास टाळाटाळ करीत असेल तर ते टाळणे हेच उत्तर समजावे. दुसरा तुकडा विम्याच्या कागदात असतो. दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि पुढे वाढत जाऊन ५० टक्क्यांपर्यंत पोहोचते. स्वतःच्या नुकसानीचा दावा केला की सामान्यतः ती शून्यावर येते. सहा वर्षे एकाच मालकाकडे असलेल्या गाडीच्या शेवटच्या पॉलिसीवर ही सूट शून्य दिसत असेल, तर नजीकच्या काळात काही तरी घडले आहे. विमा मध्येच बंद पडला असेल तरी सूट जाते, तेव्हा आधीच्या दोन-तीन वर्षांच्या पॉलिसीही पाहाव्यात. तिसरा तुकडा नोंदणीच्या सरकारी पटलावर असतो. कितवा मालक, कर्जाचा बोजा कोणाचा, विमा आणि प्रदूषण-प्रमाणपत्राची मुदत कधीपर्यंत, हे सारे तेथे पाहता येते. थकलेले दंडही पाहून घ्यावेत. गतीच्या दंडांची लांब यादी वाहनाच्या मागील आयुष्याविषयी बरेच काही सांगून जाते.

चौथा आणि बहुधा सर्वांत बोलका तुकडा कोणत्याही कागदावर नसतो. तो म्हणजे विकण्याचे कारण. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतील कर्मचारी निवृत्त होऊन मूळ गावी निघाला, बँकेच्या शाखाधिकाऱ्याची बदली झाली, कुटुंब वाढल्याने मोठी गाडी घेतली, डोळ्यांनी साथ सोडल्याने वृद्ध गृहस्थाने चालविणे बंद केले, ही कारणे विश्वास ठेवण्याजोगी आहेत, कारण ती पडताळून पाहता येतात. घेतल्यापासून सात महिन्यांतच विकावयास काढलेल्या गाडीचे कारण मात्र ती गाडीच असण्याचा संभव अधिक. या ठिकाणी लहान शहराला जे वरदान आहे त्याकडे लोक पाठ फिरवतात. भंडारा, तुमसर किंवा साकोलीत कोणती गाडी कोणाची, ती कोणत्या गॅरेजमध्ये जाते, कोणत्या वळणावर कधी ठोकली गेली, हे दोन-चार माणसांना विचारले की कळते. नागपूरच्या बाजारात निवड दसपट आहे, भावही कदाचित पाच-दहा हजारांनी कमी असेल. परंतु तेथे गाडी अनोळखी असते आणि विकणाराही. साठेक किलोमीटर दूर जाऊन वाचविलेले दहा हजार हे बहुधा या अनोळखीपणाचीच किंमत असते.

नागपूरच्या बाजाराबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टीने अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि शहराच्या पश्चिमेकडील वस्त्यांत घरांचे तळमजले व त्यांत उभ्या असलेल्या मोटारी पाण्याखाली गेल्या. भंडारा जिल्ह्यालाही हा अनुभव नवा नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या महापुराने भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी शिरले होते. बुडालेल्या मोटारीचे पुढे काय होते, हा प्रश्न पूर ओसरल्यावर कोणी विचारत नाही. दुरुस्तीचा खर्च विम्यातील घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल तर विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसान झालेली धरते, आणि मग अशी गाडी भंगाराच्या भावाने विकली जाते. ती सगळीच भंगारात जात नाही. धुऊन, वाळवून, आतील कापड बदलून, सुगंधी फवारा मारून तिच्यातली एखादी पुन्हा बाजारात उभी राहते, आणि तेव्हा ती फार देखणी दिसते. पूरग्रस्त गाडीचे वैशिष्ट्य असे की ती लगेच बंद पडत नाही. पाणी वायरींच्या जोडांत आणि इलेक्ट्रॉनिक पेट्यांत गंज पेरून गेलेले असते. त्याचे पीक वर्षभराने येते. एके दिवशी काच वर जात नाही, दुसऱ्या दिवशी दिवे आपोआप लागतात, तिसऱ्या दिवशी इंजिन सुरूच होत नाही आणि मिस्त्री डोके खाजवीत बसतो.

अशी गाडी ओळखण्यासाठी यंत्रशास्त्राचे ज्ञान लागत नाही. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहावा. टोकाकडच्या भागावर मातकट रेषा उमटलेली असेल तर पाणी तेथवर चढले होते. डिक्कीतील स्टेपनी काढून तिच्याखालच्या खोलगट भागात बोट फिरवावे. बारीक गाळ हाताला लागतो. आसनांखालचे बोल्ट आणि सरकपट्ट्या गंजलेल्या, पण वरचे कापड कोरे करकरीत, ही जोडी संशयास्पद आहे. काचा लावून गाडी उन्हात अर्धा तास उभी करावी आणि मग दार उघडून वास घ्यावा. भंडाऱ्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात ही परीक्षा फारच लवकर निकाल देते.

अपघातग्रस्त गाडीची लक्षणे यांहून सर्वपरिचित आहेत, म्हणून त्यांचा विस्तार नको. बॉनेट आणि मडगार्डच्या बोल्टांवर पाना लागल्याच्या खुणा, दारांच्या फटींतील कमी-जास्त अंतर, एका काचेवरील वर्षाचा संकेत इतर काचांशी न जुळणे, आतल्या सांगाड्यावर हाताने केलेले वेल्डिंग. दारावरचा ओरखडा रंगवून घेणे हा गुन्हा नव्हे. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला ओरखडे पडणारच. चेसिसला मार बसला आहे काय, एवढाच प्रश्न महत्त्वाचा, आणि त्याचे उत्तर ‘हो’ असेल तर किंमत कितीही उतरली तरी उठून निघावे.

इंजिनाची परीक्षा मात्र थंड असतानाच झाली पाहिजे. खरेदीदार येण्यापूर्वी ‘गाडी तयार ठेवली आहे’ असे सांगून ती चालू करून ठेवणारा विक्रेता सौजन्य दाखवीत नसतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे बॉनेट उघडून, हात लावून इंजिन गार आहे याची खात्री करावी आणि मगच ते सुरू करावे. निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल खाते आहे. गाडी गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल तर गॅस्केट गेलेले असण्याचा आणि कूलंट जळत असल्याचा संशय घ्यावा. ऑइलच्या झाकणाखाली साईसारखा पांढुरका थर हे त्याच रोगाचे दुसरे लक्षण आहे. पावसाळ्यात फार थोडे अंतर चालणाऱ्या गाडीत तो अन्य कारणानेही दिसू शकतो, म्हणून केवळ त्यावरून निवाडा करू नये. २०१३ नंतरच्या गाड्यांना स्कॅनर जोडून इंजिनाच्या मेंदूत साठलेल्या दोषांच्या नोंदी वाचता येतात. विकण्यापूर्वी त्या पुसून टाकण्याची युक्ती असते, परंतु पुसल्यानंतर गाडीची स्वयंतपासणी पूर्ण व्हावयास काही अंतर चालावे लागते. ती अपुरी दिसली की नुकतेच कोणी तरी काही पुसले किंवा बॅटरी काढली, एवढे तरी समजते.

चालवून पाहणे म्हणजे कॉलनीतून एक फेरी मारणे नव्हे. ज्या रस्त्यांवर गाडी पुढे चालावयाची आहे त्या रस्त्यांवर ती न्यावी: थोडी महामार्गावर, थोडी गावातल्या गतिरोधकांवरून आणि थोडी खड्ड्यांच्या जिल्हा मार्गावर, काचा उघड्या आणि रेडिओ बंद ठेवून. विदर्भातील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा वातानुकूलन सुरू ठेवून गाडी वीस मिनिटे जागेवर उभी ठेवावी आणि तापमानाचा काटा पाहावा. हिवाळ्यात घेतलेल्या गाडीचा रेडिएटर मे महिन्यात दगा देतो, तो अचानक बिघडलेला नसतो. आणि बरोबर मिस्त्री न्यावा, तो स्वतःचा. विक्रेत्याने सुचविलेला नव्हे, दलालाच्या ओळखीचा नव्हे, आणि सौदा झाल्यावर दलाली मिळणारा तर नव्हेच. त्याला पाचशे-हजार रुपये मेहनताना सौदा होवो अथवा न होवो द्यावा, म्हणजे ‘घेऊ नका’ असे सांगण्यात त्याचे नुकसान होणार नाही.

कागदांच्या बाबतीत भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात एक विचित्र सैलपणा आहे. ‘नाव नंतर करून घेऊ’ म्हणत गाडी वर्षानुवर्षे जुन्याच मालकाच्या नावावर फिरते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावयाचे असते. त्यासाठी २९ आणि ३० क्रमांकाचे नमुने आहेत. हा केवळ कारकुनी सोपस्कार नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केले की, गाडी प्रत्यक्षात कितीही जणांच्या हातून गेलेली असो, नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार मालक. म्हणजे येथे विकणाऱ्याचीही झोप उडावी अशी तरतूद आहे. घेणाऱ्याच्या बाजूने पाहता, तिसऱ्या पक्षाचा विमा गाडीबरोबर येतो, परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण पॉलिसी आपल्या नावे करून घेतल्यावाचून मिळेलच असे धरून चालता येत नाही. पूर्वीचे कर्ज फिटले असले तरी आर.सी.वरील बोजा ३५ क्रमांकाच्या नमुन्याने उतरवून घ्यावा लागतो. फेडलेल्या कर्जाचा न उतरलेला बोजा शेतकऱ्याच्या सात-बारावर जसा छळतो तसाच तो येथेही छळतो.

परराज्यातील गाड्यांचा मोह हा याच सैलपणाचा दुसरा आविष्कार. राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आणले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याच दिशेने आदेश दिला, तेव्हापासून तेथील जुन्या गाड्या स्वस्तात अन्य राज्यांत येत राहिल्या. बालाघाट आणि रायपूरकडच्या गाड्या तर जिल्ह्याच्या दारातच आहेत. भाव पाहून हरखण्यापूर्वी ना-हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्रातील कर, नवी नोंदणी आणि यांत जाणारे महिने यांची बेरीज करावी. पंधरा वर्षे जवळ आलेल्या गाडीबाबत आणखी एक बेरीज आहे: नोंदणीच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले, आणि राज्याचा पर्यावरण कर निराळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, हेही विक्रेते सोयीस्करपणे विसरतात आणि जुन्या गाडीचा भाव नव्या गाडीच्या जुन्या किमतीवरून काढतात.

येथवरचे सारे खरेदीदाराच्या कर्तव्याविषयी झाले. परंतु प्रत्येक लिपिकाने आणि प्रत्येक शिक्षिकेने अर्धा मेकॅनिक व अर्धा गुप्त पोलीस व्हावे, ही अपेक्षा कितपत न्याय्य आहे? १९३० चा वस्तुविक्री कायदा मोजके अपवाद सोडता ‘घेणाऱ्याने सावध असावे’ याच तत्त्वावर उभा आहे. ते तत्त्व बैलबाजारात ठीक होते. तेथे दात मोजता येत आणि बैल चालवून पाहता येई. ज्या यंत्राचे वय आणि कष्ट एका तबकडीवरील आकड्यावर अवलंबून आहेत, आणि तो आकडा काही मिनिटांत बदलता येतो, तेथे सावध राहून राहणार किती? मीटर मागे घेणे हा फसवणुकीचा गुन्हा ठरू शकतो, पण तो सिद्ध करावयाचा तर आधीचा खरा आकडा कोठे तरी लिहिलेला असला पाहिजे.

केंद्र सरकारने या दिशेने एक पाऊल टाकले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नियम करून १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना परिवहन कार्यालयाचे प्राधिकारपत्र आवश्यक करण्यात आले. गाडी ताब्यात आल्याची सूचना देणे आणि ती व्यापाऱ्याकडे असताना किती व कशासाठी चालली याची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवणे हेही त्यांत आले. नियम चांगला आहे, परंतु तो गाडी दुकानात आल्यानंतरच्या काही आठवड्यांचा हिशेब मागतो. त्याआधीच्या दहा वर्षांविषयी तो मौन पाळतो. आणि पानठेल्यावर बसून सौदे जुळविणारा, गाडी कधीच स्वतःच्या ताब्यात न घेणारा मध्यस्थ तर त्याच्या कक्षेच्या कडेलाच राहतो.

अन्यत्र हा प्रश्न सुटलेला आहे, आणि तो फार खर्च न करता सुटलेला आहे. अमेरिकेने १९७२ मध्येच मीटर फिरविणे हा केंद्रीय कायद्याखालील गुन्हा ठरविला. ब्रिटनमध्ये तीन वर्षांवरील मोटारीची दरवर्षी सक्तीची तपासणी होते, त्या वेळचा मैलांचा आकडा नोंदला जातो आणि नंबर टाकताच तो कोणालाही सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो. बेल्जियमने २००६ च्या अखेरीपासून नियम केला की, प्रत्येक गॅरेजने आलेल्या गाडीचा आकडा एका मध्यवर्ती नोंदवहीत कळवावा आणि विकणाऱ्याने त्या नोंदींचा दाखला घेणाऱ्याच्या हाती द्यावा. म्हणजे मोटारीचा सात-बाराच.

भारतात असा सात-बारा तयार करण्यासाठी नवे खाते उघडण्याची, नवे कर्मचारी नेमण्याची गरज नाही. नोंदणीचे राष्ट्रीय पटल आहे, त्यावर गाडीचा क्रमांक टाकताच निम्मी माहिती समोर येते. विम्याचे नूतनीकरण दरवर्षी होते. प्रदूषण-प्रमाणपत्रासाठी अलीकडच्या बहुतेक गाड्या वर्षातून एकदा तपासणी केंद्रावर येतात, आणि अशी केंद्रे तालुक्याच्या पेट्रोल पंपांवरदेखील आहेत. तेथे मोटार उभी केली जाते, तिच्या सायलेन्सरच्या नळीत यंत्राची कांडी घातली जाते, नंबरपाटीचे छायाचित्र काढून संगणकावर चढविले जाते, प्रमाणपत्र छापून हातात दिले जाते. किती किलोमीटर चालली याचा रकाना त्या प्रमाणपत्रावर नाही, आणि चालकाच्या समोर लखलखत असलेला तो आकडा कोणीही लिहून न घेता गाडी पुढच्या वर्षापर्यंत निघून जाते.